रक्त आमचे, वाचणारे कोण?

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी मला आठवणी लिहावयास सांगितले होते. आपल्या विद्यालयाच्या वाटचालीचा गौरव करणारे लेख या अंकात पुष्कळ असतील, आणि ते असावेतही. मी लिहीत आहे ती आठवण गौरवाची नाही, आणि ती या विद्यालयातलीही नाही. ती माझ्या एका सहीची आहे. तिचा धागा जीवशास्त्रातील संशोधनापर्यंत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत कसा पोहोचतो हे सांगायला थोडी जागा लागेल. वाचकांनी ती मला द्यावी.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. एके दिवशी सकाळी रक्ततपासणीचे पथक आले. पांढरे कोट, बर्फाची पेटी, नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या, असा सगळा सरंजाम होता. सहकार्य करावे असा निरोप कार्यालयातून आदल्या दिवशीच आला होता. प्रत्येक मुलीमागे चार पानांचा इंग्रजी अर्ज होता आणि त्याच्या शेवटी पालकाची सही हवी होती. पालक तर गावाकडे. पथकाचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, इथे तुम्हीच पालक." ते ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करते. बेचाळीस अर्जांवर मी बेचाळीस सह्या केल्या. मला इंग्रजी येत नव्हते असे नाही, एम.ए.ची सारी टिपणे मी इंग्रजी ग्रंथांवरूनच काढली होती. मी तो अर्ज वाचला नाही, एवढेच. मुलींना बिस्किटांचा एकेक पुडा मिळाला आणि पथक निघून गेले. अहवाल मात्र आले नाहीत. मी दोनदा विचारले. "वर पाठवले आहेत" असे उत्तर मिळाले. परीक्षांच्या धांदलीत तिसऱ्यांदा विचारायचे राहून गेले.

त्या मुलींपैकी एक मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली. वडील कामासाठी आमच्या शहाड-आंबिवलीच्या पट्ट्यात आले, तसे कुटुंबही मागोमाग आले. पुढे मुलीचे लग्न झाले, मुलगा झाला. तो दीड वर्षाचा असताना त्याचे हात-पाय सुजू लागले. रात्र-रात्र तो कळवळून रडे. बरेच दवाखाने झाल्यावर परळला निदान झाले, सिकलसेल. आई वाहक, वडीलही वाहक. त्यानंतर काही दिवसांनी त्या मुलीची आई माझ्याकडे आली. ती रागावलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, "बाई, तवा शाळेत माह्या पोरीचं रक्त नेलतं ना? त्याचं का झालं?"

तो अहवाल आला असता तर? दोन वाहकांचा विवाह झाला तर दर गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी ठाऊक असते तर लग्नाआधी किंवा गर्भारपणात त्या मुलीला काही विचार करता आला असता. निर्णय तिचा असता. तो तिच्यापासून हिरावला गेला, आणि त्या कागदावर सही माझी आहे.

विदर्भाकडच्या कुटुंबांना हा आजार सांगावा लागत नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलच्या वाहकांविषयी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले, त्याला आता साठ-पासष्ट वर्षे उलटून गेली. विदर्भातील बौद्धांत, गोंड-माडियांत, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरांत तो अधिक आढळतो. कुणबी आणि तेली समाजांतही आढळतो. म्हणून त्याला 'आपला' आजार म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि 'त्यांचा' आजार म्हणून कोणी नाक मुरडण्याचेही नाही.

हा आजार मला नीट समजावून सांगितला तो माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो पुण्यात जैवमाहितीशास्त्र शिकतो. संगणकाने जीवशास्त्र अभ्यासण्याची ही विद्या पुणे विद्यापीठात १९८७ पासून जोपासली जात आहे; त्या विद्यापीठाला आता सावित्रीबाईंचे नाव आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तो घरी आला आणि त्याने माझ्या टेबलावर मण्यांची माळ ठेवली. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन म्हणजे अशा माळांची गुंडाळी. त्यातील एका प्रकारच्या माळेत १४६ मणी असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन नावाचा मणी आला की झाला सिकलसेल. एवढा एकच मणी बदलतो. प्राणवायू सोडून दिलेले असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याचे लांब धागे होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ती कळ म्हणजे त्या दीड वर्षाच्या मुलाचे रडणे. हा आजार रेणूतील दोषाचा आहे हे लायनस पाऊलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. बदललेला मणी कोणता हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ पर्यंत शोधून काढले.

माळेतील मण्यांचा क्रम कळला म्हणजे माळ कशी गुंडाळली जाते हे कळते असे नाही, आणि प्रथिनाचे सारे काम त्या गुंडाळीवर अवलंबून असते. हिमोग्लोबिनची गुंडाळी उलगडायला मॅक्स पेरुट्झ यांना वीसहून अधिक वर्षे लागली. त्यासाठी १९६२ चे नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत मिळाले. माळेचे कोणते वळण शक्य आणि कोणते अशक्य, याचा नकाशा मद्रासला गो. ना. रामचंद्रन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये मांडला. आजही कोणतीही नवी गुंडाळी त्या नकाशावर पारखून पाहतात. रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही, ही खंत मी वर्गात नेहमी बोलून दाखवते.

आता यंत्राची गोष्ट. २०२० च्या अखेरीस डीपमाइंड या कंपनीच्या 'अल्फाफोल्ड' या प्रणालीने केवळ मण्यांच्या क्रमावरून गुंडाळीचा अंदाज इतका अचूक वर्तवला की त्या क्षेत्रातील लोक थक्क झाले. जुलै २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार कोणालाही विनामूल्य पाहता येतील असे खुले झाले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हॅसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले ते याच क्षेत्रातील कामासाठी. माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, माझ्या खोलीत, माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी ते आकार उघडतो." त्याचे वडील रंगकाम करतात. या वाक्याने मला जो आनंद झाला त्याची किंमत मी कमी करणार नाही. ज्ञानाचे दार इतके उघडे आपल्या पिढीने पाहिले नव्हते.

परंतु दोन गोष्टी त्यानेच मला सांगितल्या आणि त्या विसरू नयेत अशा आहेत. पहिली अशी, की यंत्र आकाशातून शिकून आले नाही. जगभरच्या संशोधकांनी पन्नास वर्षे खपून प्रयोगाने ठरवलेल्या सुमारे १ लाख ७० हजार प्रथिनांच्या आकारांवर ते शिकले. हा साठा सार्वजनिक होता म्हणूनच ते शिकू शकले. दुसरी गोष्ट मला अधिक बोचली. माळेतील एकच मणी बदलला तर काय होईल हे सांगण्यासाठी अल्फाफोल्ड बनवलेलेच नव्हते. २० कोटी आकार सांगणारे यंत्र आपल्या त्या एका मण्यापाशी येऊन अडखळते. कारण सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची स्वतःची गुंडाळी जवळपास नेहमीसारखीच असते. अनर्थ होतो तो रेणू रेणूला चिकटतो तेव्हा.

एकेका मण्याच्या बदलासाठी त्याच कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये 'अल्फामिसेन्स' ही दुसरी प्रणाली जाहीर केली. माणसाच्या प्रथिनांतील असे ७ कोटी १० लाख संभाव्य बदल तिने तपासले आणि त्यांतील ८९ टक्क्यांविषयी, निरुपद्रवी असावा की घातक असावा, असा कौल दिला. कौल कशावरून? जे बदल माणसांत आणि माकडांच्या जवळच्या जातींत वारंवार दिसतात ते निरुपद्रवी असणार, या गृहीतावरून ती शिकली आहे. गृहीत समंजस आहे. पण 'वारंवार दिसतात' म्हणजे कोणाच्या रक्तात दिसतात?

जनुके आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी २००९ मध्ये ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६ मध्ये हा आकडा ८१ टक्क्यांवर आला. चंद्रपूरच्या माडियाच्या रक्तातला निरुपद्रवी बदल या यादीत नसेल तर यंत्राला तो अनोळखी वाटेल. आणि त्याच्या रक्तातला घातक बदल कोणी पाहिलाच नसेल तर यंत्र त्याविषयी बोलणार तरी काय? सिकलसेलचेच पाहा. भारतातील रुग्णांच्या जनुकांची पार्श्वभूमी बहुतांश आफ्रिकेतील रुग्णांहून वेगळी आहे; गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन आपल्याकडे पुष्कळांत अधिक प्रमाणात टिकून राहते, त्यामुळे आजार काहींत सौम्य असतो. तरीही विदर्भात तो तीव्र असलेले रुग्ण थोडे नाहीत. हे असे का, याचे उत्तर परक्या रक्तावर शिकलेले यंत्र देणार नाही.

इथे माझ्यातली इतिहासाची शिक्षिका जागी होते. माणसाच्या शरीराची मापे घेऊन त्यांचे कोष्टक करणे आणि कोष्टकातून निष्कर्ष काढणे हे आपल्या देशात नवे नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालमधील जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, असा त्याचा निर्देशांक. ज्या जातीचे नाक रुंद तिची सामाजिक पायरी खालची, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त झाला. संख्या होत्या, यंत्र होते, पद्धत होती. त्या काळाच्या दृष्टीने ते अत्याधुनिक विज्ञानच होते.

बाबासाहेबांनी या मापांपासून तोंड फिरवले नाही. अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या १९४८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी तपासलेली नाकाच्या निर्देशांकाची कोष्टकेच पुढे ठेवली आणि त्यांवरून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद सिद्ध होत नाही. एक आर्य असेल तर दुसराही आर्यच म्हणावा लागेल. ज्या मापांनी आपल्याला खाली ढकलले त्याच मापांनी त्यांनी तो सिद्धान्त मोडून काढला. माझ्या समजुतीने, आकडेवारीशी कसे वागावे याचा हा आपल्यापुढचा सर्वांत मोठा धडा आहे.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर त्यांनी प्रबंध केला. फिशर यांना त्यात वंशभेदाचा पुरावा हवा होता. इरावतीबाईंना मोजमापांत तो सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे त्यांनी स्वतः महाराष्ट्रात जातींची मापे घेतली, आणि त्या कामाशी माझे मतभेद आहेत. पण बर्लिनमधील तो प्रामाणिकपणा मी विसरत नाही. माप घेणाऱ्या हातात कोण आहे, आणि त्याला 'नाही' म्हणण्याचे धाडस आहे की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. यंत्राला असे धाडस नसते. त्याला ज्या उत्तरांवर शिकवले त्याच वळणाची उत्तरे ते देते, आणि तीही खणखणीत आत्मविश्वासाने.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातींवरचा निबंध वाचला. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. त्यांच्यापाशी तेव्हा रक्ताचा एक थेंबही तपासलेला नव्हता. जवळपास शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, हैदराबादच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकांवरून दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूहांची मोठी सरमिसळ होत होती. नंतर ती थांबत गेली. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या संशोधकांनी अनेक समूहांतील हे दार सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, बंद झाल्याचा अंदाज दिला. अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमारास झाला असावा असे बाबासाहेबांनी ग्रंथांच्या आधारे मांडले होते, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. मीही थांबले. परंतु इतिहासाची शिस्त सांगते की विवाहबंदी आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी एक नव्हेत. जनुकांनी पहिलीची साक्ष दिली आहे, दुसरीची नाही. सभांमधून हे संशोधन 'विज्ञानाने बाबासाहेबांना सिद्ध केले' अशा थाटात सांगितले जाते, तेव्हा मला संकोच वाटतो. त्यांना त्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि विज्ञान तशी प्रमाणपत्रे वाटत नाही.

२०१७ च्या आणखी एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूह असे आढळले की त्यांच्यातील बंदिस्तपणा फिनलंडचे लोक आणि अश्कनाझी ज्यू यांच्यापेक्षाही अधिक आहे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या अशा समूहात एखाद्याच पूर्वजाचा दोष पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. सिकलसेलचा दोष काही जातीने निर्माण केला नाही. मलेरियाच्या मुलखात वाहकाला त्या तापापासून काही संरक्षण मिळते, म्हणून तो टिकला. पण टिकलेला दोष एका वर्तुळात साठवून ठेवण्याचे काम सोयरिकीने केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धर्म बदलला. सोयरिकीचे वर्तुळ मात्र आपल्यापैकी कितीजणांनी बदलले? आजही मुलगी दाखवताना लाडवण की बावणे, कोसरे की सोमवंशी हे हळूच विचारले जाते. विचारणारा तोच असतो ज्याच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या असतात. धर्मांतराची नोंद जनुकांत होत नाही. ज्या मुलीविषयी मी लिहिते आहे तिचे लग्नही पोटजात पाहूनच झाले होते.

अशा स्थितीत आपल्या तरुणांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे, की रक्तच देऊ नये. पूर्वी नाक मोजले, आता जनुके मोजतील आणि पुन्हा वर्गवारी करतील. हा संशय आपल्या इतिहासातून आला आहे, त्याला हसणाऱ्यांशी माझे पटत नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या खोऱ्यातील हवासुपाई या आदिवासी लोकांचे रक्त १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले. पुढे तेच नमुने मनोविकार, आंतरविवाह आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासांसाठी वापरले गेले. लोकांनी दावा लावला. एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेले रक्त परत केले. हे वाचले तेव्हा मला माझ्या बेचाळीस सह्या आठवल्या.

तरीही रक्त देऊच नये हे मला मान्य नाही. न दिल्याने आपण यादीबाहेरच राहतो, आणि यादीबाहेरच्या माणसासाठी औषध शोधले जात नाही. मुंबईच्याच के.ई.एम. रुग्णालयात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये रक्ताचा एक नवाच गट ओळखला. जग त्याला आजही बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणते. इथल्या माणसांचे रक्त इथे तपासले म्हणून तो सापडला; तो न ओळखता त्या माणसांना दुसरे रक्त चढवले असते तर जीव गेले असते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात ऐंशीहून अधिक लोकसमूहांतील सुमारे १० हजार भारतीयांची संपूर्ण जनुकसंहिता वाचून झाली. ती फरिदाबादच्या केंद्रात ठेवली असून जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. यंत्राने आपल्याला ओळखावे असे वाटत असेल तर ही कामे हवीतच.

दुसरे टोक म्हणजे यंत्रावरची भोळी श्रद्धा. संगणकाला जात नसते, म्हणून तो न्यायच करील, असे सुशिक्षित लोकही म्हणतात. क्षयरोगाचे एक्स-रे वाचणाऱ्या प्रणाली आता आपल्याकडे वापरात आहेत; त्यांतील एक मुंबईच्याच कंपनीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची शिफारस केली ती पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांसाठी. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले पंधरा वर्षांखालची आहेत! उद्या कोणी असे यंत्र घेऊन दाराशी आले तर हा एक साधा प्रश्न विचारायला आपल्याला डॉक्टर असण्याची गरज नाही. कालामांना भगवंतांनी जे सांगितले ते गुरूंच्या आणि ग्रंथांच्या बाबतीत आपण लावतो. पडद्यावर उमटलेल्या टक्केवारीलाही ते लागू आहे.

आणि औषध सापडले तरी ते कोणाच्या हाती पडणार? सिकलसेलवरील जनुकदुरुस्तीच्या पहिल्या उपचाराला अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता मिळाली. त्याची तिथली किंमत २२ लाख डॉलर. त्या आजीच्या मुठीत मी हा आकडा ठेवू शकत नाही. तिचा नातू हायड्रॉक्सियुरियाच्या साध्या गोळ्यांवर आहे, आणि सुदैवाने त्या त्याला मानवल्या आहेत.

कायद्याने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. पण त्याच कायद्यात संशोधनासाठी सवलतीची खिडकीही ठेवली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे मला अधिक उपयोगी वाटतात. त्यांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाची लेखी मान्यता घ्यायला हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैद्यकीय वापराविषयीही परिषदेने मार्च २०२३ मध्ये स्वतंत्र तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. हे सारे इंग्रजीत आहे आणि वसतिगृहाच्या कार्यालयात यातले काहीच नसते. तिथे असते ती शिक्क्याची पेटी आणि सह्या करायला तयार असलेली अधीक्षिका.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना, विशेषतः जे विज्ञानशाखेला गेले आहेत त्यांना, माझी विनंती आहे. देणगीची पावती आम्ही आनंदाने फाडू. पण वर्षातून दोन दिवस येऊन वसतिगृहातल्या मुलांना मण्यांची माळ दाखवा, आणि परिषदेच्या त्या तत्त्वांचे दोन पानांत मराठी करून द्या. आपली मुले रक्त देणाऱ्यांच्या रांगेत आजवर पुष्कळ उभी राहिली. यंत्राला काय शिकवायचे हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्यांच्यापैकी कोणी बसलेले मला निवृत्त होण्यापूर्वी पाहायचे आहे. पुण्याचा तो मुलगा त्याच वाटेवर आहे. पालकांना एवढेच सांगते, की वसतिगृहाचा अधीक्षक तुमच्या वतीने सही करू लागला तर त्याला थांबवा, मग तो कितीही सज्जन असो. आणि मुलामुलींची तपासणी होऊन 'वाहक' असा शेरा आला तर तो लपवू नका. वाहक म्हणजे रोगी नव्हे. लपवलेल्या शेऱ्याने मुलीचे लग्न जमेल, पण पुढचे रडणे ऐकावे लागेल.

मागच्या महिन्यात एका नव्या पथकाचे पत्र आले. मुलांचे रक्त आणि डोळ्यांची छायाचित्रे घ्यायची आहेत, ती एका संगणकीय प्रणालीला शिकवण्यासाठी वापरली जातील, असे त्यात लिहिले होते. हे त्यांनी लिहिले, ही प्रगतीच म्हणायची. मी उत्तर पाठवले. अर्ज मराठीत द्यावा. पालकसभेच्या रविवारी येऊन तो समजावून सांगावा. प्रत्येक मुलाचा अहवाल किती दिवसांत आणि कोणाच्या हातात देणार ते लिहून द्यावे. नमुने दुसऱ्या कामासाठी वापरायचे झाल्यास पुन्हा विचारावे. मुख्याध्यापकांनी पत्रावर माझ्याखाली सही केली. पुढच्या पालकसभेची तारीखही कळवली आहे. मराठी अर्जाची वाट पाहत आहे. अजून आलेला नाही.